विचारायला पैसे पडत नाहीत

माउस हवेत उचलून टीव्हीच्या रिमोटसारखा पडद्यावर रोखणारे ग्रंथपाल सरांनी पाहिले होते. नुसता पडदा बंद करून, वर धुतलेलं फडकं झाकून, संगणक झोपवला म्हणून निश्चिंत मनाने घरी जाणारे पाहिले होते. एक गृहस्थ तर स्कॅनरच्या लाल उजेडाने डोळे जातील या भीतीने मान पाठीमागे वळवून बटण दाबायचे आणि सगळी सकाळ शेजारच्या बाईंच्या चष्म्याच्या डबीवर बारकोड शोधत बसायचे. यांतल्या एकालाही सर कधी रागावले नाहीत. सर त्यांचा हात धरून स्कॅनर पुस्तकाकडे वळवत आणि म्हणत, "बघा, डबीला वाचता येत नाही, पुस्तकाला येतं." गृहस्थ हसत, वर्ग हसे आणि काम पुढे सरके.

सरांचं काम असं होतं. ग्रंथालय मंडळाने एक दिवस ठरवलं की आपल्या सगळ्या वाचनालयांचा कारभार संगणकावर आणायचा. पुस्तकांच्या नोंदी, सभासदांची नावं, देवघेव, सगळं. ठरवणाऱ्यांचं ठरवून झालं, पण आयुष्यभर कार्डं आणि शिक्के हाताळलेल्या, पन्नाशीला टेकलेल्या ग्रंथपालांना हे शिकवणार कोण? सर तेव्हा एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होते. संगणकाचा नाद होता, बोलणं गोड होतं. मंडळाने त्यांना तिथून उचललं आणि हातात एक बॅग दिली. बॅगेत स्कॅनर, लेबलांची गुंडाळी, लांब वायरचा बोर्ड, आणि भूक लागलीच तर बिस्किटांचा पुडा. ती बॅग घेऊन सर या वाचनालयातून त्या वाचनालयात फिरू लागले, आणि जिथे जातील तिथे लोक म्हणू लागले की या माणसाच्या तोंडात खडीसाखर आहे.

ही खडीसाखर घरी आलेली त्यांच्या बायकोने काही पाहिली नव्हती. बाहेरच्यांना तेच तेच शंभरदा सांगणाऱ्या या माणसाला घरात कुणी किल्ली कुठे ठेवली असं दुसऱ्यांदा विचारलं की त्याचा पारा चढे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. बायको म्हणायची, "मीही नाव घालते तुमच्या वर्गात. निदान तिथे तरी धड उत्तर मिळेल." सर हसून सोडून देत. हसण्यावारी नेता येतील अशा गोष्टींतच माणूस पुढे फसतो, हे त्यांना कळायला फार उशीर लागला.

सरांना एक बहीण होती. त्यांच्याहून बरीच मोठी. त्यांची आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात पाळीने कामाला असायची, वडील आधीच गेलेले, त्यामुळे धाकट्याची शाळा सुटली की त्याला सांभाळायचं काम ताईकडे होतं. आणि ताई तर नुकतीच एका वाचनालयात मदतनीस म्हणून लागलेली. मग तिने सोपा मार्ग काढला. भावाला तिथेच नेऊन देवघेवीच्या टेबलाखाली एका चौरंगावर बसवायचं. तिथे बसून तो पुस्तकांच्या पाठींवरची नावं लावून लावून वाचायला शिकला. ताई वरून एक नाव सांगायची, आणि तो रांगत जाऊन खालच्या कप्प्यातून ते पुस्तक शोधून आणायचा. तेव्हा तो चांगला गुटगुटीत होता म्हणून ताई त्याला ढब्बू म्हणायची. पुढे उंची वाढली, अंगावरचं सगळं बाळसं त्या उंचीने खाऊन टाकलं, माणूस अगदी काठी झाला. पण नाव काही सुटलं नाही.

ताई पुढे त्याच वाचनालयाची ग्रंथपाल झाली. तिचं सगळं ग्रंथपालपण तिच्या प्रश्नांत होतं. पुस्तक परत करायला आलेल्या माणसाला ती तसं सोडायचीच नाही. आवडलं का? शेवट पटला का? मग मधेच खूण कशी राहिली, पुढचं वाचलंच नाही वाटतं? आईंच्या डोळ्यांचं झालं का हो? मुलगी सासरी रमली का? काही लोक पुस्तकापेक्षा या चौकशीसाठीच येतात असं शिपाई म्हणायचा आणि ते खोटं नव्हतं. तिचे यजमान शिंपी होते, वाचनालयाच्या समोरच त्यांचं दुकान. ते तिला प्रश्नपत्रिका म्हणायचे. संध्याकाळी ती रस्ता ओलांडून येताना दिसली की दुकानातल्या गिऱ्हाइकांना सांगायचे, "चला, आमची प्रश्नपत्रिका आली, ज्याने अभ्यास केला नसेल त्याने पळून जावं." रोज संध्याकाळी तिचा भावाला फोन ठरलेला. जेवलास का, काय जेवलास, आवाज बसलेला का येतोय, बायकोशी भांडलास का. भाऊ फोन कानापासून हातभर लांब धरून हो हो म्हणत राहायचा.

आता मंडळाचा नियम असा होता की जो ग्रंथपाल प्रशिक्षण पुरं करून आपलं वाचनालय नीट संगणकावर आणेल, तोच देवघेवीच्या टेबलावर राहील. ज्याला जमणार नाही त्याला घरी पाठवायचं नाही, एवढी माणुसकी मंडळापाशी होती. पण त्याने मागच्या खोलीत बसायचं. फाटकी पुस्तकं बांधणीला लावायची, जुनी मासिकं गठ्ठ्यांत घालायची. ताईला यंत्राची भीती नव्हती. तिला भीती होती त्या मागच्या खोलीची. तिथे एक खिडकी, तीही वर, आणि माणसाचं तोंड दिसायला दिवस जायचा. ती भावाला म्हणाली होती, "मला तिकडे टाकलं तर मी बोलू कुणाशी रे? उंदरांशी?" पण मग स्वतःच स्वतःची समजूत घालायची की मास्तर घरचाच आहे, काळजी कसली. येणाऱ्या-जाणाऱ्या सभासदांनाही अभिमानाने सांगायची की आमचा ढब्बूच शिकवतो हे सगळं.

वर्गाच्या आधी एका रविवारी घरी येऊन थोडं दाखवून जा, असं तिने त्याला सांगितलंही होतं. मला लाज नाही वाटत, पण आधी हात बसलेला बरा, म्हणाली. तो म्हणाला, त्यासाठी वेगळं कशाला, सगळ्यांसारखी वर्गातच ये. म्हटलं तर वाजवी उत्तर. पण त्याच आठवड्यात त्याने एका परक्या ग्रंथपालाच्या घरी दोनदा जाऊन त्याला शिकवलं होतं, कारण त्या बिचाऱ्याचे गुडघे दुखायचे. याला काय म्हणावं?

वर्ग भरला तो एका लांबट सभागृहात. संगणक रांगेने मांडलेले, एका संगणकापाशी दोघं दोघं. ताई पहिल्या रांगेत, नवी वही आणि टोक केलेल्या पेन्सिली घेऊन. त्या दिवशी मागच्या खुर्च्यांवर मंडळाचे कार्यवाह आणि त्यांच्याबरोबरची दोन माणसं येऊन बसली होती. या सगळ्या प्रशिक्षणाचा प्रमुख कुणाला करायचं ते ठरायचं होतं आणि सरांचं नाव पुढे होतं. सर सकाळपासून जरा ताठ उभे होते. पेन खिशाला नीट लावलेलं, आवाज एक पट्टी वर.

ताईने सकाळपासून विचारायला सुरुवात केली. ही कळ दाबली तर काय, नाही दाबली तर काय, सभासदाचं नाव दोनदा पडलं तर कुठलं खरं? वर्गातल्या बाकीच्यांना ते बरंच वाटत होतं. प्रत्येकाच्या मनात तेच होतं, विचारण्याचा धीर हिच्याकडे होता. सर उत्तरं देत होते, पण मागे बसलेल्यांकडे त्यांची नजर जात होती आणि प्रत्येक उत्तर थोडं आखूड होत होतं.

दुपारी बारकोडचा धडा आला. सरांनी सांगितलं की लेबलं चिकटवण्याच्या पद्धती दोन. एकीत लेबलं कोरी येतात. म्हणजे त्यांच्यावर आकडा असतो, पण तो अजून कुठल्याच पुस्तकाचा नसतो. कुठलंही लेबल कुठल्याही पुस्तकावर लावा, मग संगणकात त्या पुस्तकाची नोंद उघडा, लेबल स्कॅन करा, झाली जोडी. दुसऱ्या पद्धतीत ही जोडी आधीच लागलेली असते. प्रत्येक लेबल एका ठरलेल्या पुस्तकाचं, आणि ते त्याच पुस्तकावर गेलं पाहिजे. दिसायला दोन्ही सारखीच. काळ्या रेघा, खाली आकडा.

ताईचा हात वर गेला.

"अरे ढब्बू, ते सगळं कळलं. पण आमच्याकडे यातली कुठली येणार? आणि नुसतं बघून ओळखायची कशी?"

वर्ग खो खो हसला. मागचे कार्यवाहसुद्धा हसले. हसले ते ढब्बूला, कारण समोर उभा असलेला माणूस काठीसारखा होता. त्या हसण्यात प्रश्न कुणी ऐकलाच नाही. आणि ज्याने ऐकला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. कुठल्या वाचनालयाला कुठली लेबलं जाणार हे छपाईच्या ठेकेदाराला ठाऊक, सरांनी ते कधी विचारलं नव्हतं. एक चौकशी केली असती तर कळलं असतं. पण माहीत नाही, विचारून सांगतो, एवढे चार शब्द त्या क्षणी त्यांच्या तोंडातून निघेनात. निघालं ते भलतंच.

"अहो बाई, इथे मी कुणाचा ढब्बू नाही. सकाळपासून तुम्ही एकट्याच विचारताय. एवढं साधं कळत नसेल तर घरी बसा, बाकीच्यांचा वेळ खाऊ नका."

हसू एकदम थांबलं. ताईने वर गेलेला हात हळूच खाली घेतला, जणू तो चुकूनच वर गेला होता. जन्मात पहिल्यांदा भावाने तिला अहो बाई म्हटलं होतं. ती वहीत काहीतरी लिहू लागली आणि खाली बघूनच म्हणाली, "समजलं, सर." त्यानंतर दिवसभर ती प्रत्येक गोष्टीला समजलं, समजलं म्हणत राहिली, आणि वर्ग वेळेच्या आधी संपला. कार्यवाहांनी सरांची पाठ थोपटली.

त्या संध्याकाळी फोन आला नाही. सरांना वाटलं, रागावली असेल, ओसरेल. आणि खरोखर काही दिवसांनी फोन यायला लागलेही. ताई बोलायची, घरचं सांगायची, भावोजींच्या दुकानातल्या गमती सांगायची, मग चल ठेवते म्हणून ठेवायची. सगळं जिथल्या तिथे होतं. फक्त त्या बोलण्यात एकही प्रश्न नसायचा. हे सरांच्या लक्षात यायला कितीतरी दिवस लागले. आधी त्यांना उलट बरंच वाटलं, की ताई आता कमी कटकट करते. तेव्हाचं ते बरं वाटणं आठवलं की अजून त्यांना स्वतःची किळस येते.

मग ताईच्या वाचनालयाची पाळी आली. वाचनालय काही दिवस बंद ठेवून लेबलं चिकटवायची होती. पुस्तकांच्या नोंदी ठेकेदाराच्या माणसांनी जुन्या दाखल क्रमांकांवरून आधीच करून ठेवल्या होत्या, आणि लेबलं आली ती दुसऱ्या प्रकारची, जोडी आधीच लागलेली. कोणतं लेबल कोणत्या पुस्तकाचं हे सांगणारा कागद ठेकेदाराने पाठवला नाही, आणि पाठवायचा असतो हे ताईला कुणी सांगितलं नव्हतं. तिने आपल्या मनाशी विचार केला. इतकी वर्षं तिच्या हाताखालून पुस्तकं गेली, त्यांत आधी पुस्तक यायचं आणि मग त्याला आकडा मिळायचा. आकडा आधी आणि पुस्तक मागून असं तिने कधी पाहिलं नव्हतं. तेव्हा ही कोरीच असणार, जोडी मागून लावतील. तिने पहिल्या कपाटाच्या पहिल्या पुस्तकापासून सुरुवात केली आणि गुंडाळी उलगडत गेली.

सर एकदा तिथे डोकावलेही. दारात उभे, कानाला फोन, मंडळातून कुणीतरी बोलत होतं. आता ते प्रमुख झाले होते. ताई शिडीवर बसली होती, मांडीवर गुंडाळी, शिपाई खालून पुस्तकं देत होता. प्रत्येक लेबल पुस्तकाच्या कडेपासून बरोबर दोन बोटांवर, तसूभर इकडे-तिकडे नाही. भावाला बघून ती थांबली. तिने गुंडाळी हातात उचलली, तोंड उघडलं, आणि मग पुन्हा मिटलं. सरांनी फोनवर हात ठेवून भुवया उंचावल्या. ती म्हणाली, "काही नाही." सर म्हणाले, छान चाललंय, आणि गेले.

बॅगेत स्कॅनर होता. एका पुस्तकावर नुसता धरला असता तरी सगळं कळलं असतं.

उद्घाटनाला मंडळाचे अध्यक्ष आले. वाचनालयाच्या भिंतीवर मोठा पडदा लावला होता, सगळ्यांना दिसावं म्हणून. अध्यक्षांनी स्वतः लिहिलेलं आत्मचरित्र या वाचनालयाला भेट दिलं होतं, आणि पहिली देवघेव त्याच पुस्तकाची, अध्यक्षांच्याच नावावर व्हावी अशी कुणीतरी सूचना केली. ताईने नवी साडी नेसली होती, स्कॅनर तिने नीट धरला. टूं असा आवाज आला. पडद्यावर अध्यक्षांच्या नावाखाली अक्षरं उमटली: गुरांचे रोग व त्यांवरील उपचार.

वाचनालयात असा हशा झाला की पंखेही ऐकू येईनात. अध्यक्षही हसले, पण ओठांनीच. दुसरं पुस्तक घेतलं, तिसरं घेतलं. शब्दकोश स्कॅन केला तर बाळाचं संगोपन निघालं, भूमितीच्या जागी शिकारकथा. मग हसू आटलं आणि कुजबुज सुरू झाली. कार्यवाहांनी विचारलं, लेबलं कुणी लावली? ताईने हात वर केला. प्रशिक्षणात हे सांगितलं नव्हतं का, असं त्यांनी विचारलं, आणि विचारताना बघितलं सरांकडे.

इथे जरा थांबायला हवं, कारण सरही आयुष्यभर इथेच थांबले आहेत. बिघडलं काहीच नव्हतं, हे त्या क्षणी तिथे एकट्या सरांना माहीत होतं. लेबलं चुकीची नव्हती, नुसत्या जोड्या चुकल्या होत्या. प्रत्येक नोंद उघडून समोरचं लेबल पुन्हा स्कॅन केलं की झालं. थोड्या दिवसांचं काम. साहेब, यात ग्रंथपालांची चूक नाही, त्यांनी विचारलं होतं, मीच सांगितलं नाही, आणि नुकसान तर काहीच नाही, एवढं जरी ते हसत हसत बोलले असते तर अध्यक्षही मनापासून हसले असते आणि गुरांच्या रोगांची ती गोष्ट पुढे पेढ्यासारखी वाटली गेली असती. हे सगळं सरांच्या मनात आलं. पण प्रमुखपदाची खुर्ची नवी होती, आणि नव्या खुर्चीत माणूस आधी आपले हात घट्ट धरतो.

सर म्हणाले, "प्रशिक्षणात दोन्ही पद्धती सांगितल्या होत्या."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. म्हणूनच तर ते इतकं वाईट होतं.

ताई लगेच म्हणाली, "हो, सांगितलं होतं सरांनी. माझ्याच लक्षात आलं नाही." आवाजात ना राग, ना रडू. वर्गात शिक्षकाने विचारल्यावर हजर म्हणावं तसं म्हणाली. सरांना तेव्हा सुटल्यासारखं वाटलं, आणि पुढच्याच क्षणी कुणीतरी मुस्काटात मारल्यासारखं झालं. पण बोलायची वेळ गेली होती, पाहुणे चहाकडे वळले होते.

ताईची खुर्ची त्या आठवड्यातच मागच्या खोलीत गेली. देवघेवीच्या टेबलावर एक नव्याने प्रशिक्षण घेतलेली मुलगी आली. हुशार, हसतमुख, कामाला चोख. तिच्याविरुद्ध बोलायला जागा नव्हती.

जोड्या पुन्हा लावायला सर स्वतः आले. दुसऱ्या कुणाला पाठवता आलं असतं, पण ते आले, आणि ताई मदतीला बसली. ती एकेक पुस्तक हातात घेऊन त्याचं नाव मोठ्याने वाचायची, सर नोंद शोधायचे, लेबलावर स्कॅनर धरायचे, टूं. दुसरं नाव, पुन्हा टूं. तेच वाचनालय, तेच टेबल, तोच आवाज. लहानपणी ती असंच एकेक नाव सांगायची आणि तो रांगत जाऊन पुस्तक आणायचा. सरांनी काम करता करता अनेकदा विषय काढायचा प्रयत्न केला. ताई, त्या दिवशी मी, असं म्हणायला जायचे आणि ताई पुढचं नाव वाचायची. जरा मोठ्याने. शेवटचं पुस्तक झाल्यावर तिने हात झटकले, चहा मागवला आणि भावाला दोन घास खाऊन जा म्हणाली. जेवलास का असं मात्र विचारलं नाही.

एकदा मात्र भावोजींनी विषय काढला. वर्गातली हकीकत त्यांच्या कानावर दुसऱ्या कुणा ग्रंथपालाकडून आली होती, ताईकडून नाही. सर दुकानात बसले होते आणि भावोजी खडूने कापडावर खुणा करत होते. थट्टा त्यांच्या पाचवीला पुजलेली, पण तेव्हा चेहऱ्यावर थट्टा नव्हती. खाली बघूनच म्हणाले, "गिऱ्हाईक माप विचारतं तेव्हा शिंप्याने चिडू नये रे. कापड त्याचं असतं, पण कात्री आपल्या हातात असते." मग लगेच दोरा तोंडात धरून त्यांनी सुई ओवायला घेतली.

मागच्या खोलीत ताईने पुढची सगळी वर्षं काढली. कुरकुर केली नाही. पुस्तकं अशी बांधायची की नवी वाटावीत. पण जुने सभासद विचारत यायचे की बाई कुठे गेल्या, आणि आत जायला परवानगी नव्हती, म्हणून हळूहळू विचारेनासे झाले. काही तर यायचेच बंद झाले. संगणक रोज संध्याकाळी किती पुस्तकं गेली-आली ते अचूक सांगायचा, आणि तो आकडा दर वर्षी थोडा कमी व्हायचा. मंडळाच्या अहवालात त्याचं कारण टीव्ही असं लिहिलेलं असायचं. तो अहवाल सरच लिहायचे.

सरांचे वर्ग त्यानंतर बदलले. धडा सुरू करण्याआधी ते फळ्यावर एक ओळ लिहायचे: विचारायला पैसे पडत नाहीत. ताईच्या टेबलावर आलेली ती मुलगीही उजळणीला या वर्गांत येऊन बसायची. कुणी प्रश्न विचारला की शिकवणं थांबवून, खुर्ची ओढून त्याच्यापाशी जाऊन बसायचे. ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणायचे, ठेकेदाराला भर वर्गातून फोन लावायचे. त्यांच्या हाताखालून गेलेल्या कुठल्याच वाचनालयात पुन्हा लेबलांचा घोळ झाला नाही. लोक म्हणायचे, मास्तर असावा तर असा. सर ते ऐकून घ्यायचे. बैल गेला आणि झोपा केला, हे स्वतःलाच म्हणून दाखवायची त्यांना सवय झाली होती. आणि गंमत अशी की झोपा मात्र उत्तम बांधला होता. शेकडो लोकांना उपयोगी पडला. ज्याच्यासाठी बांधायचा तोच तेवढा आत नव्हता.

ताई निवृत्त झाली, मग काही वर्षांनी सरही झाले. भावोजी गेले. दुकान बंद झालं आणि ताईचे दिवस एकदम मोठे झाले. एकदा सर तिला भेटायला गेले असताना ती म्हणाली की आता वाचायचं म्हणते, वाचनालयाची सभासद होते. इतकी वर्षं दुसऱ्यांना पुस्तकं दिली, एकदा घेऊन बघू. सर म्हणाले, मी येतो बरोबर. वाटेत त्यांनी मनाशी ठरवलं होतं. आता तिथे नवीन यंत्र बसलं होतं, सभासदाने आपलं पुस्तक आपणच घ्यायचं, टेबलावर जायलाच नको. ते यंत्र तिला शिकवायचं. नीट, सावकाश, हात धरून. ती विचारेल आणि आपण सांगू. एवढं झालं तरी पुष्कळ.

वाचनालयात रंग नवा होता. टेबलामागे तीच मुलगी होती, आता मुलगी म्हणायच्या वयाची राहिलेली नव्हती. ताईने कपाटांमधून हिंडून एक जाड पुस्तक काढलं, मागच्या बाजूला बघितलं. कडेपासून बरोबर दोन बोटांवर लेबल होतं, पिवळं पडलेलं. तिने त्यावरून बोट फिरवलं आणि यंत्रापाशी आली. सरांनी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि पुढे झाले. "ताई, बघ, आधी कार्ड इथे," ते म्हणाले, "आणि काही अडलं तर मला विचार."

"समजलं," ताई म्हणाली.

तिने कार्ड ठेवलं, पुस्तक ठेवलं. पडद्यावर काहीतरी उमटलं आणि यंत्र बोंबलायला लागलं. सर वाकले, तोंड उघडलं. ताईने एकदा पडद्याकडे पाहिलं, मग मान वळवली आणि सरांच्या खांद्यावरून पलीकडे टेबलाकडे बघून हाक मारली.

"अगं, हे काय म्हणतंय ते सांगतेस का जरा? तुला कामातून उठवते, राग नाही ना येणार?"

ती बाई टेबल सोडून लगबगीने आली. तिने सरांना ओळखलं, मानेने नमस्कार केला आणि ताईच्या शेजारी उभी राहिली. "राग कसला मावशी? विचारा की. आमचे सर म्हणायचे, विचारायला पैसे पडत नाहीत."

मग ताईने विचारलं. पुस्तक उलटं ठेवलं म्हणून ओरडतंय का? कार्ड विसरलं तर नुसत्या नावाने चालतं का? रोज किती जण येतात गं आता? खूण राहिलेली पुस्तकं परत येतात का अजून? तुझ्या सासूबाई बऱ्या आहेत का, मुलं काय करतात? ती बाई एकेकाचं उत्तर देत होती आणि ताईच्या चेहऱ्यावर किती वर्षांपूर्वीचा रंग येत होता. सर बाजूला पिशवी धरून उभे होते आणि सगळे प्रश्न ऐकत होते. त्यांतला एकही त्यांना विचारलेला नव्हता.